व्हर्लिनचे अकरा दिवस

शिकागो, ३ सप्टेंबर १९५१

प्रिय लिओटा,

मी ठीक आहे, दोन वेळा गरम जेवतो. तुझा खोकला कसा आहे? लाल गाय व्याली का?

आता बसून वाच. आपल्या व्हर्लिनचं मोठ्या लीगमधलं बेसबॉल अकरा दिवसांत संपलं. परवा चेंडू टाकताना त्याचं डावं कोपर मोडलं. डॉक्टर म्हणाले, हात वाकेल, पण चेंडू टाकता येणार नाही.

त्यांच्या संघाचा मॅनेजर मला म्हणाला, "म्हातारबा, आठवडाभर दुखत होता त्याचा हात. मी त्याला बाहेर बसवणारच होतो. पण ऐकेना. म्हणे, बाबा दोन दिवस बसमध्ये बसून मला बघायला आलाय."

तू मला जाऊ नका म्हणाली होतीस.

आज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं मी लावली. तो हसून म्हणाला, "बाबा, नाक पण पुसतोस का?" मग त्यानं हळूच विचारलं, "हात मोडायच्या आधी तिघांना कसं बाद केलं, पाहिलंस ना?"

मी म्हटलं, "पाहिलं रे, सगळं पाहिलं."

लिओटा, तू मला ओळखतेस. तो मैदानात आला आणि माझी छाती इतकी धडधडायला लागली, की मी जिन्याखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. लोक एकदम गप्प झाले, तेव्हा बाहेर आलो.

हे त्याला कधी कळू देऊ नकोस.

तुझाच,
एमॉस