नोकरीचा शेवटचा दिवस ठरवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. कामगार कल्याण अधिकारी,
वकिलात कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मालकीणबाईंच्या निधनानंतरही कागदोपत्री चालू राहिलेला माझा नोकरीचा करार संपल्याची नोंद होऊन, मायदेशी परतण्यासाठी कर थकबाकी नसल्याचा दाखला मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. २ मार्चचा अर्ज (उत्तर नाही).
२) माझा दि. ९ मार्चचा अर्ज (उत्तर नाही).
३) आपल्या शिपायांनी काल तोंडी दिलेला सल्ला, की "बाई, सगळं सविस्तर लिहा, आपल्या भाषेत चालेल."

महोदय,

१. मी खाली सही करणारी अर्जदार, वय एकोणपन्नास, या देशात सहा वर्षे एका वृद्ध बाईंच्या घरी राहून त्यांची शुश्रूषा करण्याच्या नोकरीत होते. होते की आहे, हेच कोणी सांगत नाही, म्हणून हा तिसरा अर्ज.

२. इकडे येताना एजंटाने जिथे बोट ठेवले तिथे मी करारावर सही केली. आत काय लिहिले आहे ते मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या महिन्यात मालकीणबाईंनी विचारले, "यात काय लिहिलंय, सांग बघू." मी म्हटले, "पगार." त्या निवृत्त शिक्षिका होत्या, मी त्यांना आजी म्हणत असे. त्या दिवसापासून दुपारच्या चहानंतर त्या भिंग हातात देऊन माझ्याकडून रोज एक कलम वाचून घेऊ लागल्या. पगारातून कर जातो हे कळले तेव्हा मी रडले. त्यावर त्या म्हणाल्या, "कापला म्हणजे चोरला नव्हे. पण पावती सोडू नकोस." मी एकही सोडलेली नाही. सर्व पावत्या सोबत जोडल्या आहेत.

३. त्यामुळे करार मला पाठ आहे. कलम ९ : करार चालू असेपर्यंत दुसरीकडे काम करता येणार नाही. कलम ११ : करार मालकाच्या सहीनेच संपेल. कलम १४ : मालकाने सेवासमाप्तीचे पत्रक भरून, त्यात कामाचा शेवटचा दिवस लिहून ते कर कार्यालयाला दिल्यावर मला दाखला मिळेल. त्या दाखल्याशिवाय विमानतळावर सोडत नाहीत.

४. दि. १२ फेब्रुवारी रोजी सकाळी आजी खिडकीजवळच्या खुर्चीत वारल्या. मी त्यांच्यासाठी दूध कोमट करत होते. त्यांनी कोणत्याही पत्रकावर सही केलेली नाही. तसे कधी करावे लागेल हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आले नाही.

५. कर कार्यालयातील खिडकी क्रमांक चारवरील कारकुनांनी मालकाची सही मागितली. मी म्हटले, "त्या वारल्या." ते मान वर न करता म्हणाले, "मग त्यांना तसं लेखी कळवायला सांगा." मी तिथेच उभी राहिले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मला कामगार कार्यालयात जायला सांगितले. तिथे मृत्यूचा दाखला दाखवला. तिथल्या बाई म्हणाल्या, "यानं माणूस संपतो, करार नाही. मुलाची सही आणा." आजींचे चिरंजीव तिसऱ्याच देशात असतात. त्यांनी फोनवर सांगितले, "मी तुमचा मालक नाही. माझा करसल्लागार म्हणतो, सही केली की सगळं माझ्या गळ्यात पडेल." त्यानंतर ते फोन उचलत नाहीत. दरम्यान करार जिवंत असल्याने न मिळालेल्या पगारावरही कराची नोटीस निघाली आहे.

६. महोदय, माझी एकुलती एक मुलगी आठवा महिना लागल्यापासून अंथरुणावर आहे. रक्तदाब वाढल्याने डॉक्टरांनी उठायलाही मनाई केली आहे. जावई ट्रक चालवतात, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. शेजारीण पाणी भरून देते. परवा मुलगी फोनवर म्हणाली, "आई, सहा वर्षं दुसऱ्यांना उठवलंस, बसवलंस. आता मला उठवायला ये ना गं." मी तिला "निघालेच" असे सांगितले. हे खोटे मी तिसऱ्यांदा बोलले आहे. माझा राहण्याचा परवाना दि. ३१ मार्चला संपतो. सध्या मी लाँड्रीच्या वरच्या खोलीत सात बायकांत राहते. पलंग चार असल्याने पाळीपाळीने झोपतो. काम करू शकत नाही (कलम ९), जाऊ शकत नाही (कलम १४), आणि १ एप्रिलपासून राहूही शकणार नाही.

७. गेल्या सोमवारी कर कार्यालयातील एका वयस्कर साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की आपल्या वकिलातीने कामाचा शेवटचा दिवस लेखी प्रमाणित केला, तर ते स्वतःच्या अधिकारात पत्रक मंजूर करू शकतील. माझा जीव भांड्यात पडला. पण मग त्यांनी विचारले, "शेवटचा दिवस कोणता?"

८. इथे माझ्याकडून एक गोष्ट लपवली गेली होती, ती आता लिहिते. आजी १२ तारखेला वारल्या तरी मी त्या घरात २१ तारखेपर्यंत होते. चिरंजीव यायला चार दिवस लागले. तोवर घरी येणाऱ्यांना दार मी उघडले, चहा मी दिला. अंथरूण धुतले. औषधे दुकानात परत केली. त्यांचा चष्मा आणि कवळी पुसून डबीत ठेवली. कपाट आवरताना चिरंजीव मला विचारत होते, हे कोणाचे, ते कोणाचे, आणि मी सांगत होते. शेवटी घराला कुलूप लागले आणि मी पिशवी घेऊन निघाले. समोरच्या बाईंनी कामगार कार्यालयातून चौकशीला आलेल्या माणसाला हे सगळे सांगितले आहे, त्यात त्यांचे काही चुकले नाही.

९. आता २१ तारीख लिहावी तर त्या दिवशी मालक हयात नाहीत, म्हणून पत्रक रद्द. १२ तारीख लिहावी तर पुढचे नऊ दिवस मी विनाकरार काम केले, म्हणून गुन्हा. वयस्कर साहेबांनीही पत्रक कोरेच परत दिले.

१०. तरी माझी हात जोडून विनंती, की शेवटचा दिवस १२ फेब्रुवारी असा प्रमाणित करावा. त्या नऊ दिवसांचा पगार मी मागितलेला नाही, कोणी देऊ केलेला नाही, आणि दिला असता तर मी घेतला नसता. ते काम नव्हते. घरातले माणूस गेल्यावर मागे राहिलेले जे करतात, तेवढेच मी केले. त्या घरात मागे राहिलेली मी एकटीच होते. हे कोणत्या रकान्यात लिहायचे ते मला माहीत नाही, आपल्याला माहीत असेल.

११. आणि हेही मान्य होत नसेल, मी आजही नोकरीतच आहे असे ठरत असेल, तर उद्या सकाळी मी कोणत्या पत्त्यावर हजर व्हावे आणि कोणाला उठवून बसवावे, एवढे तरी कृपया लेखी कळवावे.

उत्तरासाठी मी रोज दहा वाजल्यापासून आपल्या जिन्यात बसून राहीन.

आपली नम्र,
(सही)
अर्जदार, शुश्रूषा मदतनीस
दि. १६ मार्च

सोबत :
१) कराराची प्रत, सर्व पाने.
२) कर कपातीच्या तेवीस तिमाही पावत्या.
३) मालकीणबाईंच्या मृत्यूचा दाखला.
४) मुलीच्या डॉक्टरांची चिठ्ठी.
५) सेवासमाप्तीचे पत्रक. तारखेची व सहीची जागा कोरी.