कमी खाणारी मोटार

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे विचारायला दुसरं माणूस नाही. आपल्या विहिरीवरच्या मोटारीला एक डबा जोडायचा म्हणतात, कपॅसिटर. म्हणे मोटार पाणी तेवढंच देते आणि करंट कमी ओढते. मला पटत नाही. लहानपणी मी बैलांच्या वैरणीतली एक पेंढी वाचवून ठेवली होती, तर तुम्ही मोट थांबवून भर शिवारात झापलं होतं, "उपाशी जनावर पाणी वढंल व्हय रे?" तेव्हापासून कमी खाऊन तेवढंच काम करणाऱ्या कशावरही माझा विश्वास नाही.

माझी शाळा सातवीपर्यंतची. वायरमन सांगतो, शेतोशेती असे डबे लागले तर देशाची केवढी तरी वीज वाचेल. मी विचारलं, "वाचलेली जाती कुठं? आमाला तर लाईट पुरंना." तो हसला. "काका, आधी तुमची डीपी तर वाचू द्या!"

डीपी, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, यंदा जास्त करंट ओढून एकदा जळालीच, ऐन गहू ओंबीवर असताना. तिच्यावरच्या बाकी सगळ्यांनी डबे लावले, मी एकटा राहिलो. आता पुन्हा जळाली तर सगळ्यांचा गहू वाळेल आणि नाव माझं निघेल, या धास्तीनं जेवण जात नाही. त्यात सून टोचते. "मामा, बायका म्हणायल्यात, तुमचा म्हातारा आमचं पाणी तोडतो. काय सांगू त्यायला?"

शेवटी तिनंच वायरमनला बोलावलं. त्यानं चिमट्यासारखं मीटर केबलला लावून आकडा दाखवला. मी म्हणालो, "मीटर तुजं, आकडाबी तुजाच." सून वैतागली. "मग सवताच्या हातानं बघा की!"

बिनडब्याची मोटार चालवून मी केबलवर हात ठेवला. चांगली तापली होती. ती निवल्यावर डबा जोडला, मोटार तेवढाच वेळ चालवली. दांडात पाणी तेवढंच पडायलंय. परत हात ठेवला. दोघं माझ्या तोंडाकडं बघायलेत. मी म्हणालो, "काही कळंना बुवा."

डबा राहू दिलाय. कुणी विचारलं तर सांगतो, सुनेपुढं माझं चालत नाही. वाचलेली वीज कुणाच्या घरी जाते, हा संशय अजून गेलेला नाही. हे पत्र मात्र लपवून ठेवावं लागेल, तिला वाचता येतं. केबल गार होती, आबा.