लॅबचे सात कॉम्प्युटर आणि तांदळाची पोती

१९ सप्टेंबर, शुक्र.
हेडसरांनी आज तोंडावर सांगितलं. दसरा झाला की कॉम्प्युटरची खोली पोषण आहाराच्या तांदळाला, सातही कॉम्प्युटर भंगारात. "दोन वर्षं बंद आहेत, तुम्हीच नादुरुस्त म्हणून लिहून दिलंय ना सर?" दिलंय. सही माझीच. पण आठवीच्या पोरींनी कीबोर्डला हात लावायचा कुठे? घरात एक मोबाइल, तोही बापाच्या खिशात. खंडेनवमीपर्यंत मुदत मागितली. मिळाली.

२० सप्टें., शनि.
जुनी सिस्टीम दहा मिनिटांत बंद पडते, म्हणजे तीच सडली असणार. तिच्या जागी लिनक्स टाकायचं. फुकट, हलकं, म्हाताऱ्या मशीनला झेपणारं. पहिला पेनड्राइव्ह लावला तर मशीन म्हणे, ही आवृत्ती मला चालत नाही. इंटरनेटवर लिनक्सच्या फोरमवर विचारलं. कुठल्याशा देशातल्या बाबानं मधल्या सुट्टीपर्यंत पायरी-पायरीनं उत्तर पाठवलं. ना ओळख ना पाळख. अशीही माणसं असतात, धन्य आहे!

२२ सप्टें., सोम. (घट बसले)
लिनक्स चढवताना चाळीस टक्के, आणि बंद. दुसरं मशीन छत्तीसला बंद. तिसरं तर... जाऊ दे. तीन वेगवेगळ्या आवृत्त्या करून झाल्या. फोरमवरचा बाबा विचारतो, पंखा फिरतोय का? मला शिकवतो! मागून वारा येतोय, फिरतोच आहे, असं ठणकावून लिहिलं.

२४ सप्टें., बुध.
शाळेच्या बोअरची मोटर जळाली म्हणून मंदाताई आल्या होत्या. स्टँडमागे वायंडिंगचं दुकान, निम्म्या नामपूरच्या विहिरींच्या मोटरी त्यांच्याच हातच्या. लॅबमध्ये पाणी प्यायला आल्या आणि माझं मशीन पुन्हा बंद पडलं. म्हणाल्या, परत चालू करा. कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून बसल्या, मोटरीला लावतात तसाच. मग त्यांच्या अहिराणीत:

"सर, दोन पंखा शेत ना? एकच बोलतोय."

डबा उघडला. आतल्या, प्रोसेसरवरच्या पंख्यात सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, हळदकुंकवाचा घट्ट गोळा. पेपरवर ओंजळभर निघालं. पंखा अडकलेला, म्हणून मशीन तापून बंद.

"हाई मशीन शे का देव्हारा?"

दर खंडेनवमीला वरच्या जाळीतून कोण अक्षता टाकत होतं? मीच. भक्तिभावाने, मूठ भरून. मेलो लाजेनं. बाबाला माफीचं लिहिलं. त्यानं हसरा चेहरा पाठवला.

२७ सप्टें., शनि.
मं.ता. तीन दिवस दुकान उघडायच्या आधी तासभर येतायत. ब्रश, ब्लोअर, आणि ते हात! स्क्रू कुठला कुठे, एकदा बघितलं की पाठ. इंग्रजी येत नाही, पडदा वाचत नाहीत, पण कुठलं मशीन दमलंय ते माझ्या आधी कळतं. बीएस्सी झालो मी, कशाला झालो! आज सहा मशीन पूर्ण. आठवीतल्या ऋतुजानं मराठीत आपलं नाव टाइप केलं, मग आईचं. नुसती बघत बसली होती.

३० सप्टें., मंगळ.
हेडसर बघून गेले. खूश. "मग बंद का पडले होते?" माझ्या तोंडून गेलं, "धूळ हो सर." मं.ता. तिथेच. निघताना म्हणाल्या, "फॉल्ट लपवला ना सर, मोटर आठ दिवसात परत दारात येते."
जेवण गेलं नाही.

१ ऑक्टो., बुध., खंडेनवमी
हेडसर ताट घेऊन दारात, मागे सगळा स्टाफ. त्यांनी अक्षतांची मूठ उचलली आणि मी आडवा आलो. "सर, अक्षता टेबलाच्या पायाशी वाहा. दोन वर्षं कॉम्प्युटर यांच्यामुळेच बंद होते. माझ्या हातानं. न तपासता नादुरुस्त लिहिलं, तेही मीच." हेडसरांनी टेबलाला कुंकू लावलं, ऋतुजाला म्हणाले, माझं नाव लिही बघू. तिनं लिहिलं. हेडसरांनी ते वाकून वाचलं.

"तांदूळ शुक्रवारी येतोय, सर," म्हणाले. आणि गेले. खोलीचं काय, ते बोललेच नाहीत. विचारायचा धीर मलाही झाला नाही.

सातव्या मशीनवर लिनक्स चढवतोय. चाळीस गेलं. साठ. डब्याला कान लावून बसलोय, दोन्ही पंखे बोलतायत.