सोयगावची पोरगी

आई, परवा तुझ्या त्या सोयगावच्या पोरीला वॉर्डची इन्चार्ज केलं. तुझ्याच वॉर्डची. मीही आता तिथंच स्टाफ नर्स आहे, म्हणजे तिच्या हाताखाली. पेढे वाटताना तिनं माझ्या हातावर दोन ठेवले आणि म्हणाली, "एक मॅडमचा." म्हणजे तुझा. मी दोन्ही खाल्ले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला तिचा हेवा वाटतो. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

साथीचे ते पहिले दिवस मला जसेच्या तसे आठवतात. तुझा वॉर्ड रिकामा करायला लावला होता, आणि ताप-खोकल्याचे संशयित तेवढे आत ठेवायचं ठरलं होतं. त्यांचे नमुने पुण्याला जायचे; रिपोर्ट येईपर्यंत समोरच्या माणसाला नक्की काय झालंय हे डॉक्टरांनाही सांगता यायचं नाही. किट पुरत नव्हती, म्हणून तुम्ही काहीजणींनी रेनकोट घालून ड्युटी केली. पहिल्या पेशंटजवळ कोण जाणार, असं तू विचारलंस तेव्हा सगळ्या खाली बघत राहिल्या, आणि नोकरीला लागून वर्षही न झालेली एक पोरगी म्हणाली, "मी येते, मॅडम." मुकुंदवाडीच्या आपल्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तू हे पप्पांना सांगत होतीस. मी पोळ्या लाटत होते. तुझा आवाज असा कौतुकानं भरून आलेला मी माझ्याबाबतीत कधी ऐकला नव्हता, बारावीचा निकाल लागला तेव्हाही नाही.

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेज बंद झालं होतं आणि मी घरात नुसती बसून होते. मी लगेच म्हटलं, "मी पण येते."

"तू नाय."

"का? ती चालते, मग मी का नाही?"

"तुझं शिक्षण व्हायचंय अजून."

"सलाईन लावता येतं मला. मनुष्यबळ कमी आहे, तूच म्हणालीस."

"घरात बस म्हणलं ना. विषय संपला."

दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून उस्मानपुऱ्यातल्या लॉजवर राहायला गेलीस, कारण ड्युटीवाल्यांनी घरी यायचं नव्हतं. त्या लॉजवर तुझ्या शेजारची खोली तिची होती. रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा. आमची चौकशी दोन वाक्यांत उरकायची आणि मग ती सुरू व्हायची. आज तिनं एका म्हाताऱ्याला समजावून ऑक्सिजनचा मास्क ठेवायला लावला. आज तिला किटमध्ये चक्कर आली, तरी पोरगी बाहेर यायला तयार नाय. लई धीराची हाय. मी फोन स्पीकरवर टाकून भांडी घासत बसायचे, मुद्दाम आवाज करून.

एकदा पप्पांबरोबर मी डबा घेऊन दवाखान्याच्या गेटवर आले. पोलिसांनी दोन ठिकाणी अडवलं होतं, उशीर झाला होता. डबा टेबलावर ठेवून लांब उभं राहायचं, असा नियम. आणि मला तू दिसतेस, पोर्चमध्ये, पाठमोरी. तुझ्यापुढं ती उभी आहे आणि तू तिच्या गाऊनच्या नाड्या बांधते आहेस. बांधून झाल्यावर तिला खांद्याला धरून वळवतेस, तिचा मास्क नाकावर दाबून बघतेस, गालावर हलकीशी चापट मारतेस. मग तुझं माझ्याकडे लक्ष जातं. लांबूनच हात हलवून तू मला जायला सांगतेस. मी गेले. रात्री फोनवर मी म्हणाले, "तिला गाऊन घालायला वेळ आहे, माझ्याशी बोलायला नाही." तू म्हणालीस, "हेवा करायची वेळ हाय का ही? माणसं मरायलीत." तुझा हा शेवटचा रागावलेला शब्द. त्यानंतर चार दिवसांनी तुला ताप आला.

तुला तुझ्याच वॉर्डात ठेवलं. आम्हाला आत सोडलं नाही. ती मात्र रोज तुझ्याजवळ होती. ड्युटी संपली तरी थांबायची, असं नंतर कळलं. तू गेलीस तेव्हा फोनही तिचाच आला. ती रडत नव्हती. तुझे केस विंचरून वेणी घातली, असं तिनं सांगितलं. तू शेवटी विचारलंस म्हणे, "पोरगी जेवली का?" कोणती पोरगी, हे मी तिला विचारलं नाही. तिनं दिवसभर किट घातलेलं होतं, म्हणजे उपाशी तीच असणार. आजपर्यंत विचारलेलं नाही.

तू मला जपलंस, हे कळायला मी काही लहान नाही. मला घरात ठेवलंस म्हणून मी आज हे लिहू शकते आहे, असं पप्पा म्हणतात आणि ते खरंच असेल. पण तुझं शिकवणं, रागावणं, भरवसा, सगळं तिला मिळालं आणि मला फक्त जीव मिळाला. माणसानं याबद्दल कुरकुर करू नये. मी करते.

हे पत्र टाकायला कुठला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं, कारण आता जे लिहिते ते तू वाचावंस असं मला वाटत नाही. नवीन मुलींना ती किट उतरवायला शिकवते. माझ्या पहिल्याच दिवशी तिनं मलाही टोकलं होतं, "हळू. काढताना घाई केली तर घातलेलं फुकट." आणि वर म्हणाली, "मॅडम असंच म्हणायच्या." बोलताना तिचा हेल अगदी तुझा होता. मला हातमोजे नीट काढता येतात, आई, कधीपासून येतात. पण ती बघत असली की मी मुद्दाम घाई करते.