सेलवरचं गाणं

मंगळवार, १२ नोव्हेंबर. संध्याकाळ.

रविवारी आमच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांच्या मंडळात माझ्या आवडत्या एका जुन्या रॉक अल्बमच्या नव्या, आवाज स्वच्छ केलेल्या आवृत्तीबद्दल मला बोलायचं आहे. आज ऑफिसातून दमून आलो आणि मंडळाने दिलेली प्रत ऐकायला बसलो. आवाज लख्ख आहे, पण गायक पळतोय. मंडळात मी वर्षानुवर्षं सांगत आलो की हा माणूस अभंग म्हणावा तसं गातो, एकेक शब्द ठेवून. रोजचा हरिपाठ संथ म्हणायलाही मी त्याच्याकडूनच शिकलो. मग हे काय? रागाने रविवारच्या टिपणात लिहून टाकलं, कंपनीने गाण्यांचा वेग वाढवला आहे.

सलीमला फोन केला. कॉलेजात असताना या अल्बमची कॅसेट मला त्यानेच दिली होती. तो हसत सुटला. "आरं, तुज्या गावात लाईट कुटं टिकायची? उन्हात तापवलेल्या सेलवर तुजा टेप चालायचा. गाणारा दमानंच गाणार की."

खरं आहे. उतरलेले सेल आम्ही पत्र्यावर उन्हात ठेवायचो, तरी टेप हळूच फिरायचा. पुढे कॅसेट तुटली आणि नंतर ते गाणं मी फक्त मनात ऐकलं. तो तसा कधी गायलाच नव्हता. मग मी इतकी वर्षं कोणाचं ऐकत होतो? उतरलेल्या सेलचं?

पुन्हा लावलं. पळतोयच. पण तो मुळात गातोच तसा.

लिहिलेलं खोडलं. रविवारी उभा राहून सांगेन की चूक माझी होती, आवृत्ती चांगली आहे, खुशाल घ्या. मी मात्र घेणार नाही; मला ते सेलवरचंच पुरे.