शिवणीतलं कापड

बाळ्या,

तुझ्या आईला लिहिता बेताचंच येतं, चुका काढत बसू नकोस. तसंही हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू काम सोडून धावत येशील, पगार बुडेल, आणि पोरीच्या कॅन्सरची औषधं त्या पगारावरच चालली आहेत.

तुझी लेक वाळत चाललीय. दर केमोनंतर तिचा कामावरचा सदरा मी मशीनवर आत घेते. बरी झाली की तोच घालून कामावर जायचं, असा तिचा हट्ट. उरलेलं कापड शिवणीत तसंच ठेवायचे, अंग भरलं की उसवायला. काल मात्र माझ्या मेल्या हातांनी ते कापून टाकलं. का, ते विचारू नकोस.

तिने सदरा उलटा करून पाहिला. "आजी, माझं अंग पुन्हा भरणार नाही, हे तू ठरवूनच टाकलंस? मग परवा केमोला कशाला जायचं?" म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

आज सकाळपासून मी नुसती शिवते आणि उसवते. शेवटी माझ्या ठेवणीतल्या कपड्याची बाही फाडून सदऱ्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर पट्ट्या जोडल्या.

"यात दोघी मावतील," ती म्हणाली.

"मग मी शिरतेच आत. नाहीतर तू एकटी भर."

हसली नाही. पण थोड्या वेळाने उठून सदरा दाराच्या खिळ्याला अडकवून आली, उद्या केमोला घालून जायला.

फोनवर मी 'बरं आहे' एवढंच ओरडेन. रागावू नकोस. कात्री शेजारणीकडे ठेवायला दिलीय.

तुझी आई