एक्केचाळीस झाडं

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आंदोर काल पहाटे शिडी घेऊन अळंबी काढायला गेला, तो अजून आला नाही. एखादी रात्र काढतो तो रानात. मी टोप्यांचं काम उरकत बसले – झाडाच्या खोडावरची ही अळंबी भिजवली की कातड्यासारखी मऊ होते; ती गुडघ्यावर टोपीएवढी होईतो ताणायची, ताणायची, पण फाटू द्यायची नाही. चार टोप्या झाल्या. बोटं काळी पडलीत.

१५ ऑक्टोबर

सकाळीच धाकटा दीर आला, देनेश. "वहिनी, दादा कुठल्या बाजूला गेलाय?"

मिठाच्या डोंगराकडे, मी म्हणाले. तोंडातून आपसूक निघून गेलं.

खरं सांगायचं कसं? आमच्या कोरोंद गावात घराघराची अळंबीची झाडं वेगळी, आणि ती सख्ख्या भावालाही कोणी दाखवत नाही. बीच झाडांचं रान लोकांनी तोडून तोडून संपवलं. अस्वलदऱ्यात आमची एक्केचाळीस उरलीत. खोडाला वरपर्यंत अळंबी, एकेक घोड्याच्या खुराएवढी. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर आंदोरने मला तिथे नेलं, तेही पावावर हात ठेवून शपथ घ्यायला लावून. ती झाडं गेली तर आम्ही खायचं काय?

अकरा माणसं त्याला शोधायला मिठाच्या डोंगराकडे गेली. मी त्यांना मक्याचा घाटा आणि चीज बांधून दिलं. फार लाज वाटली. पण आंदोर येईलच, आणि मी बोलले असं कळलं तर मला फाडून खाईल.

१६ ऑक्टोबर

रात्री बादलीतलं पाणी गोठलं. उजाडताच एकटीच दऱ्याकडे निघाले. अजून एक ओढा ओलांडायचा होता, तोच मागे काटक्या मोडल्या. देनेश!

"इकडे कुठे, वहिनी?"

"सरपणाला."

"एवढ्या लांब?"

मेला माझ्या मागावर होता. तिकडे भाऊ सापडत नाही आणि याला झाडं हवीत. मुद्दाम चार काटक्या वेचल्या आणि घरची वाट धरली. मोळी त्यानेच उचलली.

१७ ऑक्टोबर

सांगितलं. पहाटे देनेशच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. तो बूट चढवून पळालाच.

दुपारी आंदोरला आणलं.

अळंबी धरलेलं झाड आतून कुजलेलं असतं, आंदोरच सांगायचा. अर्धा बुंधा शिडीसकट खाली आला होता. पाय त्याखाली. भोवती राखेचे लहान लहान ढीग – काढलेली अळंबी एकेक करून पेटवत ऊब घेत होता. पोतं रिकामं होतं.

डॉक्टर म्हणाले, काल दुपारपर्यंत जीव असावा.

काल सकाळी मी एका ओढ्याच्या अलीकडे होते.

१८ ऑक्टोबर

लिहवत नाही.

२० ऑक्टोबर

काल पुरलं. आज देनेशला विचारलं, त्या दिवशी माझ्यामागे का आलास?

"तू एकटीच निघालीस, तिकडे अस्वलं आहेत." त्याने टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, "दऱ्यातली दादाची झाडं सगळ्या गावाला ठाऊक आहेत, वहिनी. त्याची म्हणून कोणी हात लावत नाही. आम्ही पहिल्या दिवशी तिकडेच निघालो होतो. तू मिठाचा डोंगर म्हणालीस."